थांबा, निरोप येतोय

माझ्या बायकोच्या आत्याइतकी हट्टी बाई अख्ख्या अमेरिकेत दुसरी नाही. असेलच कुणी, तर तिनं एकदा येऊन आत्यासमोर बसून दाखवावं. चहाचा कप रिकामा व्हायच्या आत ती आत्याच्या हाताखाली वायर सोलायला लागलेली असेल. हे मी ऐकीव सांगत नाही. मी तिच्याकडे फक्त कोथिंबीर पोचवायला गेलो होतो, आणि बाहेर पडलो तो पुराच्या पाण्यातून.

आधी माझं सांगतो, ते लवकर संपतं. शाळेनं मला नववीत सोडलं. मी शाळा सोडली असं आई चारचौघांत सांगायची, पण निर्णय शाळेचा होता. पुढं बहिणीनं कागदपत्रं करून अमेरिकेत बोलावून घेतलं आणि तिच्या नवऱ्याच्या इंडियन ग्रोसरीच्या दुकानात मी तांदळाच्या गोण्या उचलायला आणि डिलिव्हरीची व्हॅन चालवायला लागलो. आमच्या मॉरिसव्हिलला दर दुसऱ्या मराठी माणसाच्या गळ्यात कंपनीचं कार्ड लटकत असतं. माझ्या गळ्यात व्हॅनची किल्ली असते. बायकोनं बांधून दिलीय, कारण खिशात ठेवली की मी ती हरवतो. पुण्या-नागपूरची इंजिनियर मंडळी दुकानात आली की मला 'काका' म्हणतात. त्यातले काही माझ्याहून वयानं मोठे आहेत. ते काका वयावरून नाही, पोटावरून.

आत्या अकोल्याची. तिथल्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंककॉल जोडण्यात तिची सगळी नोकरी गेली. यजमान वारल्यावर मुलानं तिला इकडं आणलं. आई नातीला सांभाळेल, दुपारी सिरियल बघेल, संध्याकाळी देवापुढं दिवा लावेल, अशी त्याची भाबडी समजूत होती. आत्यानं पहिल्याच हिवाळ्यात लायब्ररीतून हौशी रेडिओचं पुस्तक आणलं. हा प्रकार असा, की सरकारची एक परीक्षा द्यायची, पास झालात की तुम्हाला तुमचं स्वतःचं एक चिन्ह मिळतं, थोडी अक्षरं आणि एक आकडा, आणि मग घरच्या घरी रेडिओ लावून तुम्ही गावात, नाहीतर पार जगाच्या टोकाला असलेल्या दुसऱ्या हौशी माणसाशी बोलू शकता. पगार नाही, पेन्शन नाही, नुसती हौस. मुलगा म्हणाला, "आई, अगं सेलफोन आहेत ना आता. कशाला हा उपद्व्याप?" आत्या म्हणाली, "फोनला मधे कंपनी लागते. मला मधे कोणी नको. आयुष्यभर मधे मीच होते." आणि परीक्षा एका फटक्यात पास होऊन आली.

त्यांच्या सोसायटीत घरावर अँटेना लावायला बंदी होती. कपडे वाळत घालायला दोरी बांधायची बंदी, दाराला आपल्या मनानं रंग द्यायची बंदी; श्वास घ्यायला परवानगी होती, पण फार मोठ्यानं नको. आत्यानं सोसायटीच्या अध्यक्षाला घरी बोलावून कांदेपोहे घातले आणि विचारलं, झेंड्याला बंदी आहे का? दोन हजार एकच्या पुढचे ते दिवस. गाड्यांवर झेंडे, पुलांवर झेंडे, आमच्या दुकानात इडलीच्या पिठाच्या फ्रीजवरसुद्धा झेंडा. झेंड्याला बंदी आहे म्हणणारा माणूस तेव्हा जन्माला यायचा होता. आठवड्याभरात आत्याच्या अंगणात फायबरचा उंच पोकळ खांब आला, वर झेंडा आणि आत तांब्याची तार. आपल्याकडं जावयाला अधिकमासात चांदीचं भांडं देतात. आत्यानं मला खांब दिला. धरायला. सबंध दुपार मी त्याला मिठी मारून उभा होतो आणि ती खिडकीतून ओरडत होती, "जावईबापू, डावीकडं! तुमचं डावं नाही, माझं डावं!" पुढं अध्यक्ष रोज सकाळी कुत्रं फिरवताना तिथं थांबून छातीवर हात ठेवायचा. एकदा तिला म्हणाला, आमच्या गल्लीतली सगळ्यात देशभक्त बाई तू. आत्यानं गंभीरपणे मान डोलावली, आत गेली आणि त्याच झेंड्याच्या खांबातून ब्राझीलच्या एका माणसाला आज त्याच्याकडं पाऊस आहे का विचारलं.

रेडिओवर एका वेळी एकच माणूस बोलू शकतो. दोघांनी एकदम बटण दाबलं की कुणाचंच ऐकू येत नाही. म्हणून बोलणं झालं की तसं सांगायचं आणि बटण सोडायचं. हा नियम आत्याला इतका आवडला की तिनं तो घरात, दुकानात, हळदीकुंकवात, सगळीकडं लागू केला. बोलून झालं की 'संपलं' म्हणायचं. त्याशिवाय पुढच्यानं तोंड उघडायचं नाही. नात शाळेतून आली की दारातूनच ओरडायची, "आजी, आय ॲम हंग्री, संपलं!" महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीच्या मीटिंगमध्ये मोदक फ्रोझन आणायचे की घरी करायचे यावर सगळे एकदम बोलत होते, तेव्हा आत्यानं पर्समधून लाटणं काढून टेबलावर आपटलं. पर्समध्ये लाटणं का होतं हे विचारायची कुणाची हिंमत झाली नाही. "एकेक जण. आधी नाव, मग म्हणणं, मग संपलं. तातडीचं असेल तरच मधे बोलायचं. आणि मोदक तातडीचे नाहीत." मीटिंग इतक्या लवकर आटोपली की लोकांना घरी जाऊन काय करावं ते सुचेना. पुढच्या वर्षी तिला मीटिंगची तारीखच कळवली नाही. ती तरी आली. कुठून कळलं विचारलं तर म्हणाली, "संपलं."

दुसरा तिचा नियम निरोपाचा. निरोप सांगणाऱ्याचा असतो, पोचवणाऱ्याचा नाही. जसा आला तसा द्यायचा, आपलं मीठ घालायचं नाही, आणि घेणाऱ्यानं तो परत म्हणून दाखवायचा. इथं माझे हाल झाले, कारण मला मिठाशिवाय बोलताच येत नाही. बायकोनं सांगितलं, "आत्याला सांग, उद्या जेवायला ये, भरली वांगी आहेत." मी जाऊन सांगितलं, "उद्या जेवायला या, वांगी आहेत, पण आवडत नसतील तर दुसरं काहीतरी करू." आत्यानं चष्म्यावरून बघितलं. "हे 'पण' तिनं दिलं का तुम्ही?" मी म्हटलं, मीच. "मग घरी जाऊन परत आणा. निरोप." मी खरंच घरी गेलो. बायकोनं मला दारातच विचारलं, "तू लग्नाआधीपासून असा आहेस का तिनं केला?"

पुढं तिनं मलाही परीक्षेला बसवलं. मी दोनदा नापास झालो. पहिल्यांदा घाबरून, दुसऱ्यांदा न घाबरता. पास झालो तेव्हा परीक्षा घेणाऱ्या म्हाताऱ्या अमेरिकनाच्या डोळ्यांत पाणी आलं, बहुतेक सुटकेचं. आत्या म्हणाली, "जावईबापू, अभिनंदन. इतके दिवस तुम्ही बिनपरवाना गाढव होतात." हे लक्षात घ्या, की शिव्या देतानासुद्धा तिनं मला कधी 'अरे' केलं नाही. जावई तो जावई. गाढव असला तरी 'तुम्ही'.

आता पुराचं सांगतो. त्या साली समुद्राकडून मोठं चक्रीवादळ आलं. आमच्या मॉरिसव्हिलला चार झाडं पडली आणि दुकानातला ब्रेड संपला, एवढंच. पण पूर्वेकडं, समुद्राच्या बाजूला, नद्या फुगल्या. तिकडची वीज गेली, सेलफोनचे टॉवर गेले, रस्ते पाण्याखाली गेले. अशा वेळी हौशी रेडिओवाल्यांना बोलावतात. प्रत्येक निवाऱ्यात एकेक जण बॅटरी आणि रेडिओ घेऊन बसतो. कोण कुठं अडकलंय, कुणाला काय हवंय, ते तिथून काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या, ऑफिसला कळवतो आणि ऑफिस होड्या पाठवतं. बोलावणं आलं तेव्हा आत्याची बॅटरी तयारच होती. ती देवघरात असायची; खंडेनवमीला आत्या तिला हळदकुंकू लावायची, त्यामुळं तिच्यावर कायम एक पिवळा डाग होता. मुलगा दारात आडवा उभा राहिला. "आई, बी रिझनेबल. तुझं वय काय, तू निघालीस कुठं!" आत्या गमबूट चढवत म्हणाली, "काऊन बाप्पा, नदीनं माझं वय विचारलं का?" तिला व्हॅन हवी होती. व्हॅनबरोबर मी फुकट मिळत होतो. मी बायकोकडं आशेनं पाहिलं, ती तरी नको म्हणेल. ती म्हणाली, "जा. पण व्हॅन परत आण. दुकानाची आहे."

नदीकाठच्या एका छोट्या गावात, उंचावरच्या शाळेत निवारा उघडला होता. आत्या तिथं लायब्ररीतलं एक टेबल अडवून बसली. पंजाबी ड्रेस, वर मुलाचं ढगळं जॅकेट, कानाला हेडफोन. काउंटीच्या ऑफिसात बसलेला रेडिओप्रमुख खर्जातल्या आवाजाचा एक अमेरिकन होता. त्याचा आवाज आला की आपण काहीतरी गुन्हा केलाय असं वाटायचं. निदान मला तरी. आत्याला वाटत नव्हतं. मला तिनं हातातला छोटा वॉकीटॉकी दिला, अंगावर भडक नारिंगी जॅकेट चढवलं, जे माझ्या पोटावर काही केल्या लागेना, आणि पाणी-ब्रेड वाटायला निघालेल्या उंच चाकांच्या ट्रकमध्ये बसवलं. "हायवेखालच्या मोटेलात जा. किती माणसं, कोणाला काय हवं, जसंच्या तसं कळवा. संपलं."

ट्रकनं मला मोटेलच्या जिन्याशी उतरवलं आणि तो पुढच्या गल्लीत गेला. तेवढ्यात पाणी इतकं चढलं की ट्रक परत येऊ शकला नाही. म्हणजे लोकांना वाचवायला गेलेला मी आता वाचवायच्या लोकांत जमा झालो. मोटेल दुमजली, चालवणारा एक गुजराती भाई. तो, त्याची बायको, चारपाच गिऱ्हाइकांची कुटुंबं, सगळे वरच्या मजल्यावर. आणि एका खोलीत भाईची म्हातारी आई, बा. बाची फुप्फुसं गेलेली. तिला कायम नाकात नळी लागायची, हवेतून ऑक्सिजन काढणारं विजेचं मशीन होतं. वीज गेल्यावर मशीन बंद पडलं आणि भाईनं तिला जपून ठेवलेल्या शेवटच्या सिलिंडरवर लावलं होतं. सिलिंडरवर घड्याळासारखी तबकडी, त्यात एक सुई. सुई हिरव्यातून पिवळ्यात आलेली. पिवळ्याच्या पुढं लाल, आणि लालच्या पुढं काही नाही.

थोड्या वेळानं अग्निशमनवाल्यांची होडी आली. मी म्हटलं, सुटलो. भाई गॅलरीत गेला, खाली वाकला आणि हसत हसत म्हणाला, आमचं काही नाही, आम्ही वरच्या मजल्यावर आहोत, आधी या लेकरंवाल्यांना न्या. त्यांनी विचारलं, आजारी कोणी? भाई म्हणाला, "नो नो, नो प्रॉब्लेम." एवढ्यावर थांबला नाही. वरून दोरीनं थर्मास सोडून त्यांना आल्याचा चहा पाजला, बिस्किटांचा पुडा दिला. होडी गिऱ्हाइकांची पोरंबाळं घेऊन गेली. मी भाईकडं बघत राहिलो. त्याच्या बायकोनं पदर तोंडाला लावला होता. "भाई, ये क्या किया?" मी म्हटलं. रेडिओवर आत्याचं 'जावईबापू' ऐकून तोही मला तेच म्हणायला लागला होता. "जमाईराज, बच्चे पहले. वो वापस आएँगे ना, आराम से." आणि मलाही चहा दिला. मी तो प्यायलो. दोन कप प्यायलो. आता लपवून काय करू.

चहा संपला तेव्हा सुई लालला टेकली होती. बा बसून होती, कारण आडवं झालं की तिला श्वास पुरत नव्हता. प्रत्येक श्वासाला तिचे खांदे वर जायचे. मी गॅलरीत जाऊन आत्याला हाक मारली आणि सगळं सांगितलं. सुई, होडी, चहा. शेवटी सवयीनं आपलं मीठ घातलंच, "तशी परिस्थिती कंट्रोलमध्ये आहे. संपलं."

"कोणाच्या कंट्रोलमध्ये?"

मी खोलीत डोकावून सुईकडं बघितलं.

"जावईबापू, तुम्ही गाढव आहात. भाईंना द्या. संपलं."

"आत्या, तुम्हीच सांगून टाका ना काउंटीला. कशाला त्यांना..."

"सांगते. होडी येईल, तुमचा भाई तिला परत चहा पाजेल आणि दुसऱ्यांनाच बसवून वाटेला लावेल. आईला न्या म्हणणारा माणूस तो आहे. माझ्या म्हणण्याला कोण विचारतं? द्या त्यांना."

भाईनं वॉकीटॉकी दोन्ही हातांत घेतला, प्रसाद घेतात तसा. "नमस्ते बहनजी. यहाँ सब ठीक है. आप लोग अपना टाइम लेके आइए. कोई जल्दी नहीं."

"भाई, आई कशी आहे? संपलं." आत्याचं हिंदी म्हणजे मराठीच, फक्त शेवटी 'है' लावलेलं, मी ते काढून सांगतोय.

"माँ फर्स्ट क्लास है."

मग आत्या बोलली, आवाज न चढवता. "भाई, मी उभी हयात ट्रंककॉल जोडले. मला दोन्ही बाजू ऐकू यायच्या. इकडं आई अंथरुणाला खिळलेली असायची आणि बाप मुंबईच्या पोराला सांगायचा, सगळं ठीक आहे, सवडीनं ये. पोरगा सवडीनंच यायचा. मग दुसरा कॉल, तोसुद्धा मीच जोडायची. मला मधे बोलायची परवानगी नव्हती. आता आहे. इथल्या सरकारनं परीक्षा घेऊन दिलीय. म्हणून विचारते. आई कशी आहे? संपलं."

भाईनं बटणावरचा अंगठा काढला आणि माझ्याकडं बघून हळूच म्हणाला, "आपण इधर बाहर के लोग हैं, जमाईराज. इतने साल में किसी को तकलीफ नहीं दी. आज माँगूँ, तो कल बोलेंगे, ये लोग..." मला खरं तर त्याचं पटलंच. मी तरी दुसरं काय करत होतो? इतकी वर्षं अमेरिकेत, आणि हॉटेलात कुणी भलतीच डिश आणून ठेवली तरी 'थँक यू' म्हणून खातो.

तेवढ्यात रेडिओवर खर्जातला आवाज आला. तो आत्याला विचारत होता, मोटेलसाठी तातडीचा निरोप आहे का? नसेल तर होडी पलीकडच्या वस्तीकडं पाठवतोय.

आत्या म्हणाली, "थांबा, निरोप येतोय."

"मॅडम, निरोप आहे की नाही?"

"येतोय म्हटलं ना. थांबा."

"मॅडम, सगळी काउंटी थांबलीय."

"मग काउंटीनं थांबावं. संपलं."

आणि तिनं बटण सोडलं. बस. पुढं एक शब्द नाही. इतका वेळ रागावणारी, शिकवणारी बाई एकदम गप्प. आणि गंमत म्हणजे तिच्यामुळं सगळेच गप्प. त्या नदीच्या दोन्ही काठांवर जेवढे रेडिओवाले बसले होते, त्यातल्या एकानंही बटण दाबलं नाही. नुसती बारीक खरखर. खाली पाण्यावर मोटेलच्या ऑफिसातली प्लॅस्टिकची खुर्ची हळूहळू फिरत होती. खोलीतून बाचा श्वास ऐकू येत होता, आत येताना एक आवाज, बाहेर जाताना दुसरा. मला ती शांतता सहन होईना. माझी जीभ वळवळत होती, काहीतरी बोलावं, विनोद करावा, निदान खोकावं. वॉकीटॉकी भाईच्या हातात होता म्हणून वाचलो, नाहीतर मीच "नो प्रॉब्लेम" म्हणून मोकळा झालो असतो.

भाईनं खोलीत वळून बघितलं. सुईकडं नाही, आईच्या खांद्यांकडं. मग बटण दाबलं. आधी नुसता त्याचा श्वास गेला. मग इंग्रजीत म्हणाला, "प्लीज. माझी आई. तिला श्वास घेता येत नाही. होडी पाठवा. आत्ता. प्लीज." आणि बटण सोडता सोडता, इतका वेळ आत्याचं ऐकून ऐकून त्याच्याही तोंडातून निघून गेलं, "संपलं."

आत्यानं निरोप काउंटीला वाचून दाखवला. जसाच्या तसा. दोन्ही 'प्लीज' वाचले, एकही गाळला नाही.

होडी आली. बाला खुर्चीत बसवून चौघांनी उचललं. पाचवा मी, मदत करायला. जिन्याच्या शेवटच्या पायरीवरून होडीत पाय टाकायच्या ऐवजी मी दोहोंच्या मधे टाकला. त्या लोकांना बाला तसंच धरून आधी मला नारिंगी जॅकेटला धरून ओढून काढावं लागलं. त्यामुळं त्या होडीत बसलेला पहिला पेशंट मी. बाला नव्या सिलिंडरची नळी लावली, तिचे खांदे खाली आले, आणि तिनं पहिली गोष्ट काय केली असेल, तर ओल्याचिंब माझ्याकडं बघून ती हसली. मला बघून इतकं मनापासून हसलेली दुसरी बाई मला आयुष्यात भेटलेली नाही. लग्नाचा फोटो धरून.

शाळेत जनरेटर होता. बाचं मशीन लावलं, ते घरघरायला लागलं. भाई आत्याच्या टेबलापाशी जाऊन हात जोडून उभा राहिला. "बहनजी, आपको बहुत तकलीफ दिया." आत्यानं हेडफोन एका कानावरून सरकवला. "दिली. बरं केलं. आता बाजूला व्हा, पलीकडच्या वस्तीचा निरोप येतोय." नंतर कधीतरी दुपारी ती बाच्या कॉटपाशी जाऊन बसली. एकीला मराठी येत नाही, दुसरीला गुजराती. पण दोघी बराच वेळ बोलत होत्या आणि, शपथेवर सांगतो, दोघी एकाच वेळी बोलत होत्या. 'संपलं' कुणीच म्हणत नव्हतं.

दर गुरुवारी संध्याकाळी आमच्या भागातले रेडिओवाले एकत्र येतात, म्हणजे आपापल्या घरी बसून. एक जण सूत्रं सांभाळतो, सगळ्यांची हजेरी घेतो आणि शेवटी विचारतो, कुणाला काही मदत हवी आहे का? हा विचारायचा रिवाज. विचारायचं, एक श्वास घ्यायचा आणि बंद करायचं. पुरानंतर आत्याची पाळी आली तेव्हा तिनं विचारलं, आणि थांबली. इतकी थांबली की लोकांना वाटलं तिची बॅटरी गेली. पुढच्या पाळीलाही तेच. कुरबुर सुरू झाली. लोकांना जेवायचं असतं, मॅच बघायची असते. शेवटी खर्जातल्या आवाजाच्या त्या प्रमुखानं सगळ्यांच्या वतीनं तिला समजावलं, की मॅडम, एवढी शांतता रेडिओवर बरी नाही. आत्या म्हणाली, "खरं बोलायला माणसाला वेळ लागतो. त्या दिवशी किती लागला, तुम्ही ऐकत होतात. मी कमी करणार नाही. संपलं." त्यानं पुन्हा विषय काढला नाही. आणि नंतर एका गुरुवारी त्या लांबलेल्या शांततेत एक म्हातारा अमेरिकन, हजेरीपलीकडं कधी न बोललेला, घसा खाकरून म्हणाला, बायको गेल्यापासून मी दिवसभर कुणाशी बोललेलो नसतो. कुणी येईल का? आत्यानं निरोप परत वाचून दाखवला. दुसऱ्या दिवशी त्याच्या दारात तीन गाड्या होत्या. एक आमच्या दुकानाची.

पुढं मुलाला दूरच्या राज्यात नोकरी लागली. तिथं वरच्या मजल्यावरचा फ्लॅट. अंगण नाही, खांब नाही, खिडकीतून तारसुद्धा बाहेर काढायची नाही. आत्या म्हणाली, मी येत नाही. मुलगा चिडला, रडला, सूनही रडली, नातीनं तिला इंग्रजीत समजावलं. आत्या अकोल्याला परत गेली. तिथं इथलं लायसन्स चालत नाही, परत परीक्षा द्या म्हणतात. "देते," म्हणाली फोनवर. "घाबरतं का कोणी?" आवाज जरा बारीक झालाय. लाइन खराब असेल असं बायको म्हणते.

आता मधूनमधून गुरुवारची पाळी माझ्यावर येते. माझं इंग्रजी ऐकून लोक सावध होतात, पण हजेरी देतात. शेवटी मी विचारतो, कुणाला काही मदत हवी आहे का? आणि बटण सोडून बसतो. जन्मात मला गप्प बसता आलं नाही, आईला जमलं नाही, शाळेला जमलं नाही, बायकोनं तर प्रयत्नच सोडला. आणि आता मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी हाताची घडी घालून बसतो आणि खरखर ऐकतो. आमचा हा छोटा रेडिओ पुढच्या काउंटीपर्यंत पोचला तरी खूप झालं. अकोला कुठं, हे कुठं. ते मलासुद्धा कळतं. तरी मी थोडा जास्तच थांबतो. मग कुणीतरी वैतागून विचारतं, "हॅलो, झोपलास का तू?"

"नाही," मी म्हणतो. "ऐकतोय."